नगरची गोधडी : एका जुन्या किफायतीची हकीकत

मलिक अहमद निजामशहाने 1494 साली सीना नदीच्या काठी वसविलेले अहमदनगर, ज्याचे नाव सरकारदरबारी आता अहिल्यानगर झाले आहे, ते एके काळी किल्ल्याइतकेच हातमागावरील लुगड्यांसाठीही दूरवर ज्ञात होते. 1884 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात या विणकामाचा सविस्तर वृत्तांत आढळतो. परंतु मागावरून उतरून बाजारात विकले गेलेले लुगडे पुढे किती वर्षे आणि किती रूपांनी नांदले, याची नोंद सरकारी दप्तरात असण्याचे कारण नव्हते; ते काम कुणब्याच्या आणि बलुतेदाराच्या घरातील बायकांचे होते, आणि त्यावर महसूल बसत नव्हता.

अंगावरचे लुगडे विरले म्हणजे त्याचा धड भाग काढून मुलीचा परकर होई, मऊ पडलेल्या भागाची बाळाची दुपटी व लंगोट होत, उरलेले सारे गोधडीसाठी गाठोड्यात जाई. गोधडीही जीर्ण झाली की तिची बैलासाठी झूल होई, आणि सर्वांत शेवटी जमीन सारवण्याचे पोतेरे. नऊवारी लुगड्याचे आडवे चार तुकडे केले असता प्रत्येक सव्वादोन वारांचा होतो, म्हणजे माणसाच्या उंचीस पुरून थोडा उरतो. असे दोन तुकडे शेजारी जोडले की एक पाट तयार झाला. वरचे व खालचे पाट त्यातल्या त्यात चांगले, मध्ये धोतरे, सदरे, चिंध्या यांचे थर, आणि मग कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, असा हा सरंजाम. काठाची पट्टी कोठे यावी, खणाचा तुकडा कोणत्या कोपऱ्यात बसवावा, हे ठरविताना मात्र ती बाई केवळ काटकसर करीत नसे. ऊब तर ओबडधोबड टाक्यांनीही आली असती. रंगांची सांगड घालण्याचा खटाटोप तिने निव्वळ हौसेने केला. पाहुणा आला की घडवंचीवरची ठेवणीतली गोधडी त्याच्यासाठी अंथरली जाई, आणि बैठकीची तेवढीच शोभा.

या जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. 1876 ते 1878 चा दुष्काळ व 1972 चा दुष्काळ येथे फार जाचले; अशा वर्षी नवे कापड घेणे दूरच, जुन्याचाच आधार असे. याच जिल्ह्यातील कर्जतचे ग्रामदैवत गोदड महाराज. दरवर्षी आषाढ वद्य एकादशीस त्यांची रथयात्रा भरते, आणि गरिबाच्या या पांघरुणाशी ज्याचे नाव जोडले गेले, अशा साधूपुढे सारा तालुका नतमस्तक होतो.

गोधडीला एक प्रतिस्पर्धी होती, ती म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडे देणाऱ्या त्या व्यवहारात घासाघीस भरपूर, आणि घरच्या बाईला दर वेळी निवाडा करावा लागे की हे पातळ पातेल्यासाठी द्यावे की गाठोड्यात ठेवावे. पुढे जिल्ह्यातील लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहून 1950 च्या सुमारास गाळप सुरू झाले. जिल्ह्यात साखरेचे कारखाने वाढले, तसे बारदान हाही एक नवा जिन्नस हाताशी आला. गोणपाट उसवून बसकर झाले, दाराशी पायपुसणे झाले, कोपीच्या कुडाला आडोसा झाला. रॉकेलचा रिकामा डबा धान्यासाठी किंवा तुळशीसाठी लागे, हे वेगळे सांगायला नको.

आता शहरांतील दुकानांत नवे कापड मुद्दाम कापून गोधडीसारख्या चादरी शिवतात व भिंतीवर टांगतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, शिवणाऱ्या बायकांना दोन पैसे मिळतात. परंतु नव्या कापडाची ती वस्तू गोधडी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. नगरात 1960 साली स्थापन झालेले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. ज्यांच्या माळ्यावर आजीच्या हातची गोधडी पडून असेल, त्यांनी ती बोहारणीस देण्यापूर्वी शिवणारीचे नाव, गाव आणि अदमासाने साल एका कागदावर लिहून त्यासह ती अशा संस्थेकडे सुपूर्द करण्याचा विचार अवश्य करावा.