लाइनमन

लाइनमन म्हणजे वीजवाहिन्या, खांब व रोहित्रे यांची उभारणी, देखभाल आणि दुरुस्ती करणारा कुशल कामगार होय. महाराष्ट्रात महावितरण कंपनीच्या लाइनमनला ‘जनमित्र’ असेही म्हणतात.

प्रशिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१’ अन्वये वीज कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते. या काळात विद्यावेतन मिळते. मात्र पुढील नोकरीची हमी नसते. महावितरणमध्ये ‘विद्युत सहाय्यक’ या पदावर स्वतंत्र भरती होते. तीन वर्षे मानधनावर समाधानकारक काम केल्यास उमेदवाराची तंत्रज्ञ म्हणून नियुक्ती होते.

सुरक्षितता

खांबावर चढण्यापूर्वीचा क्रम हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे. प्रथम परमिट घेऊन वाहिनीचा पुरवठा बंद केला जातो, नंतर तीत वीज नसल्याची चाचणी होते आणि शेवटी डिस्चार्ज रॉडने तारा जमिनीशी जोडल्या जातात. पुरवठा बंद असूनही एखाद्या ग्राहकाच्या जनित्रातून किंवा इन्व्हर्टरमधून वाहिनीत उलट प्रवाह येऊ शकतो. त्याला कामगार ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात. त्यामुळे केवळ स्विच उघडणे पुरेसे ठरत नाही. हातमोजे, शिरस्त्राण व सुरक्षापट्टा यांचा वापर आवश्यक असला, तरी ही साधने वरील क्रमाला पर्याय नाहीत. शिकाऊ उमेदवाराने अनुभवी कामगाराच्या देखरेखीखालीच काम करणे अपेक्षित असते.

भारतात ४ मार्च हा दिवस ‘लाइनमन दिन’ म्हणून पाळला जातो.