जीपगाडीचा पत्रा आणि त्यावरील अक्षर



इतिहासावर बोलणारा माणूस दप्तरखान्यात मुरलेला असावा, अशी आपली अपेक्षा असते. आम्ही मुरलो ते युनियनच्या कचेरीत आणि कारखान्यांच्या दारांशी. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रीच्या वाचनालयात आणि फिटर-डेंटर मंडळींच्या संगतीत. तेव्हा आमचे दप्तर पत्र्याचे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, वयाने आमच्याहून वडील असा डेंटर, एका हौशी मालकाची दुसऱ्या महायुद्धातली जीप नीट करीत होता. मालकाचा हुकूम असा की, गाडी ‘अस्सल फोर्ड’ करावयाची. जो तुकडा कारखान्याचा नसेल तो काढून भंगारात टाकावयाचा. मजुरी बसवलेल्या तुकड्यावर. दादांनी आम्हाला निरोप धाडला, “भाऊ, वीसेक तुकडे बाजूला पडलेत, कशाचे काय ते उमगत नाही. तुम्ही वाचता, एकदा येऊन बघा.” आम्ही गेलो, आणि तीन महिने जातच राहिलो.

तुकडे ओळखावयाचे तर आधी गाडीचे कूळ पाहिले पाहिजे. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागविल्या. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्यावरून पहिला नमुना सप्टेंबरात सैन्याच्या दारात उभा केला. परंतु मोठे काम लहान कंपनीला मिळाले नाही. ते गेले टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडकडे आणि पुढे फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत विलिसने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ७८ हजार जीपा बनविल्या. बँटमच्या वाट्याला पुरत्या तीन हजारही आल्या नाहीत. ज्याची कल्पना त्याच्या हाती काय लागते, हा प्रश्न आमच्या धंद्यात नवा नाही.

फोर्डने जीप बांधली ती विलिसच्या नमुन्यावर. अट अशी की, एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. सैन्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. आघाडीवरच्या वर्कशॉपात तुकड्यांचा ढीग असे आणि हाती येईल तो बसवला जाई. पण ऐंशी वर्षांनी ती गाडी उघडून बसणाऱ्या डेंटरच्या डोक्याला मात्र यामुळे ताप होतो.

आता त्या वीस तुकड्यांकडे वळू. लाकडाचे दोन लहान ठोकळे निघाले. मालकाने ते कुणीतरी मागाहून ठोकले असे धरून टाकले होते. वस्तुतः पुढची काच बॉनेटवर आडवी पाडली म्हणजे तिची चौकट टेकण्यासाठी ते कारखान्यातूनच आलेले. लोखंडाच्या चपट्या कड्या निघाल्या, त्या पट्टे ओवून सामान बांधण्याच्या. एक बिजागरीवजा तुकडा निघाला, तो हेडलाइटचा. त्या जीपचा दिवा उलटा फिरवता येतो, आणि त्याचा उजेड इंजिनावर पडून रात्री दुरुस्ती करता येते. ही युक्ती कळली तेव्हा दादा बराच वेळ तो तुकडा हातात फिरवीत बसले. “हे करणारा कधीतरी अंधारात पाना घेऊन बसला असणार,” एवढेच म्हणाले.

बनावट ओळखण्याच्या मोठ्या खुणाही आहेत. विलिसच्या आरंभीच्या गाड्यांची पुढची जाळी सुट्या पट्ट्या वेल्ड करून केलेली. फोर्डने एकाच पत्र्यातून नऊ फटींची जाळी दाबून काढली, ती स्वस्त आणि हलकी पडली, आणि १९४२ मध्ये विलिसनेही तीच उचलली. सात फटी दिसल्या तर गाडी युद्धानंतरची, नागरी. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली आणि मागे उघडणारे फळके नाही, तर युद्धातली. आपल्याकडे ‘मिलिटरीची जीप’ म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ गाड्यांचे बॉनेट उंच असते. ती १९५३ पासूनची सीजे-थ्रीबी; तिच्या उंच इंजिनाकरिता बॉनेट उचलावे लागले. महिंद्रांनी ती इथे वर्षानुवर्षे बनविली. तिच्यात कमीपणा काही नाही. फक्त ती युद्धावर गेलेली नाही.

सर्वांत मोठा वाद झाला ‘एफ’ या अक्षरावरून. आरंभी विलिस आणि फोर्ड दोघेही मागच्या पत्र्यावर आपले नाव ठळक उठवीत. १९४२ मध्ये सैन्याने ते बंद केले. फोर्डचे लहान ‘एफ’ मात्र राहिले: बोल्टांच्या डोक्यांवर, कड्यांवर, कंसांवर. आमच्या गाडीवर असे ‘एफ’ पुष्कळ निघाले, म्हणून मालक तिला फोर्ड म्हणत होते. दादांनी रेडिएटरखालची चासीची आडवी दांडी घासली. ती गोल नळी निघाली. फोर्डची दांडी उपड्या पन्हळीसारखी असते, नळी विलिसची. चासी टोलेडोची, बोल्ट फोर्डचे. म्हणजे गाडी वर्कशॉपातून निघालेली मिसळ होती. मालकांचा चेहरा उतरला. आम्हाला, खरे सांगायचे तर, आनंदच झाला.

कारण त्या ‘एफ’मागे दुसरी एक हकीकत आहे. २६ मे १९३७ रोजी फोर्डच्या रूज कारखान्याच्या पुलावर पत्रके वाटायला गेलेल्या युनियनच्या कार्यकर्त्यांना कंपनीच्या गुंडांनी बडवून काढले. हेन्री फोर्डने युनियनला दारात उभे करणार नाही म्हणून हट्ट धरला होता. १९४१ च्या एप्रिलमध्ये रूज बंद पडला, आणि जूनमध्ये फोर्डला करारावर सही करावी लागली. जीपचे काम फोर्डकडे आले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे मालकाच्या आद्याक्षराचा तो बोल्ट आवळणारा हात तेव्हा युनियनचा झालेला होता. त्या हाताची खूण बोल्टावर नाही.

तिसऱ्याच एका तुकड्यावरून मात्र आमचे आणि मालकांचे खरे भांडण झाले. जीपच्या तळाखाली टोपीच्या आकाराच्या पन्हळी असतात, आत लाकूड भरलेले. पाणी शिरले की लाकूड ते धरून ठेवते आणि पत्रा आतून सडतो. या गाडीची एक पन्हळ हाताने वाकवलेली निघाली, हातोडीचे ठसे असलेली, आत सागवान. कुठल्यातरी कारागिराने सडलेली काढून, मूळची पाहून, तशीच घडवली होती. तिच्या एका टोकाला पंचाने पाडलेली तीन टिंबे. आम्हाला वाटले, ही त्याची सही! दादा हसले. “सही कसली भाऊ, पुढचे टोक कुठले ते कळायला खूण केलीये. मीही करतो.”

मालक म्हणाले, हा तुकडा कारखान्याचा नाही, काढा. आम्ही म्हटले, गाडी आजवर उभी राहिली ती याच तुकड्यावर. अस्सल याहून काय असते? आणि तुकडे ओळखण्यात गेलेल्या दिवसांची मजुरी कुठे आहे? तासभर बोलणे झाले. मजुरी निम्मी मिळाली. पन्हळ निघाली आणि तिच्या जागी बाहेरून मागवलेली नवी बसली. ती बसवताना दादांनी पंचाने पुढच्या टोकाला तीन टिंबे पाडली.

जुनी आम्ही रिक्षात घालून कचेरीत आणली. पावसाळ्यात वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती दाराला लावतो. सागवान अजून शाबूत आहे.