महाड नगर परिषद : वहीतला ठराव, तळ्यातलं पाणी

नगर परिषदेच्या सभेचं इतिवृत्त हौसेने कुणी वाचत नाही. विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, 'ठराव सर्वानुमते मंजूर', खाली सही-शिक्का. गटारदुरुस्ती, दिवाबत्तीचं सामान, बाजारातल्या गाळ्यांचा लिलाव, कुणा मुकादमाची रजा. महाड नगरपालिकेचा जानेवारी 1924चा एक ठराव याच साच्यातला होता. नगरपालिकेच्या ताब्यातलं चवदार तळं अस्पृश्यांनी वापरायला हरकत नाही, एवढाच त्याचा आशय. त्या ठरावातून उभा राहिलेला वाद मिटायला 1937 साल उजाडावं लागलं, आणि मधल्या काळात देशाच्या इतिहासाला वळण लागलं. महाडच्या या संस्थेची वाटचाल सांगताना मी याच ठरावापासून सुरुवात करतो. ठराव मंजूर होणं आणि तो अमलात येणं यांत जे अंतर असतं, त्यातच नगरपालिकेचं खरं काम असतं. महाडने ते अंतर जितकं उघडं पाडून दाखवलं, तितकं दुसऱ्या कुठल्या छोट्या गावाने दाखवलं नसेल.

महाड हे मुळातलं व्यापारी गाव. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचं, बाणकोटच्या खाडीतून होड्या येण्याजोगं, घाटावरचा माल उतरण्याच्या वाटेवरचं. अशा गावांसाठी कंपनी सरकारने 1850 साली कायदा केला. गावाने मागणी केली तर आपल्यापुरता कर बसवून रस्ते, दिवे, सफाई पाहावी, अशी ती सोय होती. सुरुवातीला कारभार सरकारी अंमलदारांच्या मुठीत होता. लॉर्ड रिपनने 18 मे 1882 रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि 1884च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना बळ मिळालं. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. कर भरणारा, मिळकत असणारा, शिकलेला असा मोजका वर्ग मतदार होता. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यातून उलगडतं.

4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात म्हटलं होतं. सरकारने त्याप्रमाणे हुकूम काढला, तो नगरपालिकांकडे आला आणि पुष्कळ ठिकाणी फायलीत पडून राहिला. महाडने निदान ठराव केला. नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस या सुधारणेच्या बाजूने ठामपणे उभे होते, हे महाडचं भाग्य. पण ठरावानंतर पुढची तीन वर्षं तळ्याच्या काठावर काहीही बदललं नाही. बोले यांनी 1926 साली पुन्हा कायदेमंडळात ठराव आणून अंमल न करणाऱ्या नगरपालिकांची अनुदानं रोखावीत, अशी मागणी केली. नुसत्या ठरावाने काही होत नाही हे त्यांना पुरतं कळलं होतं.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे, टिपणीस अशी माणसं तयारीत होती. या परिषदेच्या हकिकतीतला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. जमलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी हवं होतं, म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं गेलं. काही अंतरावर तळं भरलेलं आणि ते खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव तीन वर्षं वहीत, तरी पाणी विकत! त्या काळी चाळीस रुपये ही रक्कम थोडी नव्हती. ठराव आणि अंमल यांतल्या अंतराची ही रोख किंमत होती.

20 तारखेला परिषदेतून निघालेली मिरवणूक तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्यांच्यामागून लोक पाण्यात उतरले. नगरपालिकेच्या ठरावाचा पहिला अंमल झाला तो असा, ज्यांच्यासाठी ठराव होता त्यांच्या पायांनी. त्यात नगरपालिकेचा एकही कर्मचारी नव्हता. पुढे आता ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली, मंडपात जेवणाऱ्या आणि घरी परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. मग 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं.

आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव चार वर्षांपूर्वी ज्या तारखेला मंजूर झाला होता, नेमकी तीच तारीख. या घटनेकडे नुसता भेकडपणा म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. मतदार यादी डोळ्यांसमोर आणा. तळ्याभोवती ज्यांची घरं होती त्यांना मत होतं, ज्यांना तळ्याचं पाणी हवं होतं त्यांतल्या बहुतेकांना नव्हतं. सभागृहात बसलेल्या सभासदाला पुन्हा निवडून यायचं होतं ते पहिल्यांच्या मतावर. छोट्या गावात नगरसेवक आणि मतदार रोज एकमेकांच्या दारावरून जातात. ही जवळीक नगरपालिकेची सगळ्यात मोठी ताकद असते. 1927 साली महाडला ती सगळ्यात मोठी अडचण झाली.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली तेव्हा गावात कुणी जागा दिली नाही, ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि मंडळी तिथून पायी महाडला आली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जाणं मात्र थांबवावं लागलं, कारण विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. दाव्यात त्यांनी तळ्याच्या मालकीवरच हक्क सांगितला होता. तो टिकला नाही. तळं महाड नगरपालिकेचं आहे, हे खटला उच्च न्यायालयात पोचेपर्यंत वादातीत झालं होतं. उरला रूढीचा मुद्दा. अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची रूढी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला. नगरपालिकेने मागे घेतलेला हक्क लोकांनी कोर्टातून मिळवला. त्याच साली टिपणीस आणि चित्रे हे दोघेही बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले होते.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आलं आणि मतदार यादीचा प्रश्न मुळापासून पालटला. 1965च्या अधिनियमाने राज्यातल्या सगळ्या नगर परिषदा एका कायद्याखाली आल्या. रस्ते झाडणं, दिवे लावणं, पाणी देणं, आग विझवणं, जन्म-मृत्यूची नोंद ठेवणं ही कामं बंधनकारक झाली. नगराध्यक्ष लोकांचा आणि मुख्याधिकारी शासनाचा, अशी जोडी ठरली. परिषदेचा ठराव बेकायदा किंवा लोकहिताला बाधक वाटला तर कलम 308 खाली तो स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. घटनेच्या 74व्या दुरुस्तीचा अंमल 1 जून 1993 पासून सुरू झाला आणि अनुसूचित जाती-जमाती व महिला यांच्या राखीव जागांना घटनेचाच आधार मिळाला. 2011 साली महिलांचा वाटा निम्म्यावर गेला. ज्या सभागृहाने एकदा ठराव मागे घेतला, त्यात ज्यांच्याविषयी तो ठराव होता त्यांचे प्रतिनिधी हक्काने बसू लागले.

पैशाचं गणित मात्र कायम ओढगस्तीचं. पूर्वी जकात हा मोठा आधार होता. नाक्यावर येणाऱ्या मालावर रोकड जमा व्हायची. 1999 साली राज्यातल्या नगर परिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. तेव्हापासून पगाराचं गणित मुंबईकडे डोळे लावून मांडावं लागतं. स्वतःचं म्हणावं असं उरलं ते घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते आणि ती आली की हरकतींचे अर्ज येतात, सुनावण्या लागतात. 2011च्या जनगणनेत महाडची लोकसंख्या 27 हजारांच्या घरात होती. एवढ्या गावाची घरपट्टी ती किती आणि त्यातून एखादी पाणीयोजना उभी राहणार ती कशी? म्हणून प्रत्येक मोठं काम कुठल्या ना कुठल्या शासकीय योजनेच्या नावाने होतं आणि त्या योजनेच्या अटींनी होतं.

आज नवी नळजोडणी मागायला कुणी खिडकीवर आला तर काय होतं, ते पाहावं. छापील अर्ज घ्यायचा. सोबत घराच्या मालकीचा कागद किंवा घरपट्टीचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला. भाडेकरू असेल तर घरमालकाचं संमतीपत्र. अर्ज आवक नोंदवहीत चढतो, पाणीपुरवठा विभागाचा माणूस जागेवर जाऊन मुख्य वाहिनीपासूनचं अंतर मोजतो, टिपणी वर जाते. मंजुरीनंतर अनामत आणि रस्ता खोदाईचं शुल्क भरायचं, मग खोदाई. तपशील गावोगाव थोडेफार बदलतात, क्रम साधारण हाच. यात जातीचा रकाना कुठे नाही, आणि ही फार मोठी कमाई आहे. पण ज्याच्याकडे मालकीचा कागद नाही, ज्याचा घरमालक संमतीपत्र देत नाही, तो या रांगेत पुढे सरकत नाही. पाण्यावरचा हक्क आज कागदापाशी अडतो. महाडच काय, राज्यातल्या कुठल्याही नगर परिषदेने आपल्या गावातल्या अशा घरांची यादी करून त्यांच्यासाठी सार्वजनिक नळ किंवा सामुदायिक जोडण्या देण्याचा ठराव करावा आणि तो पाळावा. कायदा त्याच्या आड येत नाही.

सफाईच्या कामाचाही हिशेब असाच अपुरा आहे. कोकणातल्या नगरपालिकांची गटारं आणि पूर्वीच्या काळी शौचकूप साफ करणारे हात बहुतांशी दलित समाजातले होते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी त्यांच्या वारसांना नोकरीची हमी मिळाली, पण काम पिढ्यानपिढ्या त्याच घरात राहण्याची वाटही तिनेच पक्की केली. आता कायम पदं भरली जात नाहीत, ठेकेदाराची माणसं झाडू मारतात.

22 जुलै 2021च्या पुरात महाड बुडालं तेव्हा या झाडूची किंमत सगळ्यांना कळली. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ओसरल्यावर मागे चिखल, कुजलेलं धान्य, भिजलेल्या गाद्या, दुकानांतला नासलेला माल असा ढीगच्या ढीग उरला. छोट्या नगर परिषदेच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. ठाणे, नवी मुंबईकडून सफाई पथकं आली. पुढे नदीतला गाळ उपसण्याचं काम हाती घेतलं गेलं. पूररेषा कुठली आणि तिच्या आत काय बांधू द्यायचं, हा प्रश्न मात्र दर बांधकाम परवानगीच्या फायलीत रोज उभा राहतो. तिथे नगर परिषदेची सही असते आणि पुढच्या पुरात कोण बुडणार हे त्या सहीवर ठरतं.

2016च्या अखेरीस निवडून आलेल्या परिषदेची मुदत संपल्यावर राज्यातल्या इतर नगर परिषदांप्रमाणे महाडचा कारभारही प्रशासकाकडे गेला. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका लांबत गेल्या आणि मतदान झालं ते 2 डिसेंबर 2025 रोजी. एवढा काळ सभागृहात चर्चा नाही, प्रश्न विचारणारा नगरसेवक नाही. फायली हलत राहिल्या, पण त्या का हलल्या किंवा का अडल्या हे जाहीर सभेत कुणाला विचारता आलं नाही.

नव्या परिषदेपुढे एक ठरलेली तारीख आहे. 20 मार्च 2027 रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. दरवर्षी या दिवशी महाडला मोठा जनसागर येतो. पिण्याचं पाणी, फिरती शौचालयं, दिवे, रस्त्यांची सफाई, वाहनतळ ही व्यवस्था लावण्यात नगर परिषदेची सगळी यंत्रणा जुंपलेली असते. शताब्दीची गर्दी नेहमीच्या कितीतरी पट असणार. भाड्याच्या टाक्या आणि तात्पुरत्या शौचालयांवर तिची गरज भागवू नये. तळ्याच्या परिसरात बारमाही चालणारे पिण्याच्या पाण्याचे नळ, बायकांसाठी पुरेशी पक्की शौचालयं आणि ती राखायला कायम कर्मचारी यांची तरतूद शताब्दीच्या आधीच्या अर्थसंकल्पात करावी लागेल, तरच कामं वेळेत उभी राहतील. निविदा, तांत्रिक मान्यता, कार्यादेश आणि पावसाळ्याचे चार महिने हे सगळं जमेस धरायला हवं. 1924चा आणि 1927चा असे दोन्ही ठराव सभागृहाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत, सभासदांना बसल्या जागेवरून वाचता येतील अशा अक्षरांत.