मृत्यूच्या दाखल्यातील अर्धांगवायू

पेडणे तालुक्यातील तुये गावासारख्या ठिकाणी एखादा वृद्ध शेतकरी पहाटे उठता उठता कोसळतो. तोंड वाकडे होते, जीभ जड पडते, उजवा हात हलत नाही. 'अंगावरून वारे गेले,' असे शेजारी म्हणतात. दोन महिने अंथरुणावर काढल्यावर ताप आणि कफ यांचे निमित्त होऊन तो जातो. त्याच्या मृत्यूचे कारण काय लिहावयाचे? न्युमोनिया, वृद्धापकाळ, की हृदयक्रिया बंद पडणे? हे शेवटचे शब्द दाखल्यावर वारंवार आढळतात. पण मरणाऱ्या प्रत्येकाचेच हृदय बंद पडत असल्याने त्यांतून काहीच कळत नाही.

हा प्रश्न जुना आहे. अचानक कोसळणाऱ्या रोग्याच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, हे स्विस वैद्य वेपफर याने शवविच्छेदनाच्या आधारे 1658 मध्ये दाखविले. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले आणि पणजीचे वैद्यक विद्यालय 1842 मध्ये निघाले. परंतु कारणांची जगभर एकच यादी असावी, हा विचार मूर्त स्वरूपात आला तो 1893 मध्ये, फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बेर्तियों यांच्या वर्गीकरणाने. 1948 च्या सहाव्या आवृत्तीने मुख्य नियम घालून दिला : ज्या रोगापासून मृत्यूकडे नेणारी साखळी सुरू झाली, तेच मृत्यूचे मूळ कारण.

त्या यादीत अर्धांगवायूला मात्र स्थिर घर लाभले नाही. सातव्या आवृत्तीपर्यंत तो मज्जासंस्थेच्या रोगांत होता. 1968 पासून लागू झालेल्या आठवीने त्याला रक्ताभिसरणाच्या रोगांत नेले, तर 2022 मध्ये अमलात आलेल्या अकरावीने पुन्हा मज्जासंस्थेकडे आणले. बिघाड रक्तवाहिनीचा, नुकसान मेंदूचे. वाद दोन्ही बाजूंनी खरा आहे. पण जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवणाऱ्याने हे स्थलांतर विसरल्यास, रोग वाढला की केवळ प्रकरण बदलले, हेच त्याला उमगणार नाही.

दुसरी अडचण निदानाची. रक्तस्राव झाला की गुठळी अडकली, हे रोग्याकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅनने पहिल्या रोग्याची तपासणी झाली ती 1971 मध्ये. जेथे स्कॅन होत नाही, तेथील मृत्यू दहाव्या आवृत्तीत 'आय 64' या संकेतांकाखाली, म्हणजे प्रकार न सांगितलेला झटका म्हणून, जमा होतात.

गोव्याची स्थिती देशात वेगळी आहे. 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू भारतात 22.5 टक्के होते. गोव्यात शंभर टक्के. अर्थात दाखला असणे निराळे आणि तो बिनचूक असणे निराळे. शिवाय मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. तुयेचा रोगी बांबोळीच्या इस्पितळात वारला, तर त्याची नोंद त्याच्या गावच्या वहीत उमटत नाही. केवळ त्या वहीवरून पेडण्यात रक्तदाबाची औषधे किती हवीत, स्कॅनचे यंत्र कोठे हवे, असे ठरविणारा फसेल.

त्या वृद्धाचा दाखला नीट लिहिला, तर पहिल्या ओळीत न्युमोनिया, तिच्याखाली अर्धांगवायू आणि सर्वांत खाली उच्च रक्तदाब येईल. सर्वांत खालची ओळ रक्तदाबाची असली, तरी दहाव्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे दोन्ही एकत्र आले की गणना अर्धांगवायूतच होते. मधली ओळ गळाली, तर तो मनुष्य रक्तदाबाच्या खात्यात जातो. खालच्या दोन्ही गळाल्या, तर न्युमोनियाच्या.