शब्द एक, अर्थ दोन : आपल्या बोलीतला इतिहास

प्रत्येक भाषेत काही शब्द असे असतात, की ते उच्चाराला एक, लिहायला एक, पण अर्थाने मात्र दोन असतात. 'नाव' म्हणजे ज्याने आपण एकमेकांना ओळखतो ते, आणि 'नाव' म्हणजे नदीतली होडी. 'मान' म्हणजे आदर, आणि 'मान' म्हणजे शरीराचा अवयवही. मराठीत पुष्कळदा लिंगावरून हा घोटाळा मिटतो. ते नाव, ती नाव. तो मान, ती मान. व्याकरणाच्या तासाला एवढे सांगून आम्ही शिक्षक पुढे जातो. परंतु असे का घडते, याचे उत्तर व्याकरणापेक्षा इतिहासात अधिक सापडते. आणि हा इतिहास आपल्या हिंगोलीच्या भागात अगदी घरातच पाहावयास मिळतो.

अशा शब्दांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मुळात दोन निराळे शब्द असतात, ते प्रवासात झिजून सारखे दिसू लागतात. संस्कृतातील 'नामन्' आणि 'नौ' हे दोन्ही मराठीत 'नाव' झाले. कधी एक शब्द घरचा असतो व दुसरा बाहेरून आलेला. 'खोलीत हवा हवी' या वाक्यातील पहिली हवा अरबीतून आलेली आहे, तर दुसरे 'हवी' हे मराठीचे स्वतःचे. 'गरजवंताला अक्कल नसते' या म्हणीतील गरज आणि अक्कल ही दोन्ही अरबीची देणगी. पण ढग गरजतो त्या 'गरजणे'चे मूळ संस्कृतात आहे. दुसऱ्या प्रकारात शब्द मूळचा एकच असतो, पण दोन घरी राहून त्याला दोन स्वभाव येतात. आपल्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे.

याचे कारण आपल्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. इ. स. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले, तेव्हापासून दख्खनच्या राजदरबारी फारसीचा वावर शतकानुशतके राहिला. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला व कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही पुढील पेशवाईच्या कागदपत्रांत फारसी शब्द मोठ्या संख्येने राहिलेच, इतके ते लोकांच्या जिभेवर रुळले होते. हिंगोली तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तेथे १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही व्यवस्था बदलली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्ये बदलली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. पण शब्द मात्र आपल्या तोंडी राहिले.

आता काही उदाहरणे पाहू. आपल्या संस्थेच्या कामाशी ज्याचा थेट संबंध आहे, तो शब्द म्हणजे 'तालीम'. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, किंवा नाटकाचा सराव. १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' हे नाव देशभर झाले. केवळ मराठी अर्थ ठाऊक असणाऱ्यास हा नव्या आखाड्याचा विषय वाटावा! उलट 'शिक्षा' हा शब्द पाहा. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या, आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'शिकवणे' हाच भाव आहे. एका घराने त्यातील विद्या घेतली, एकाने व्यायाम घेतला, एकाने छडी घेतली.

'शिकस्त' या शब्दाने तर आपल्या मुलांची फारच अडचण होते. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणे, पराभव. उर्दूतही शिकस्त म्हणजे हार. मराठीत 'त्याने प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे त्याने प्रयत्नांची पराकाष्ठा केली. अंग मोडेपर्यंत केलेले कष्ट, असा यातील धागा असावा. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारा मुलगा या वाक्याचा अर्थ 'त्याने हार मानली' असा लिहितो, त्याचे गुण जातात, आणि वर्गात हसे होते ते वेगळेच. वास्तविक त्या मुलाला कमी येत नसते. त्याला एक अर्थ जास्त येत असतो! हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून 'मराठी आपल्याला जमणार नाही' अशी गाठ त्याच्या मनात बसते. ही गाठ सोडविणे हे पालकांचे आणि आम्हा शिक्षकांचे काम आहे.

'रजा'चे कुटुंब असेच मनोरंजक आहे. उर्दूत रजा म्हणजे संमती, खुशी. मराठीत रजा म्हणजे सुट्टी. वरिष्ठांच्या संमतीने जायचे, म्हणून ती रजा. राजी, नाराज आणि राजीनामा हे याच घराण्यातले. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांच्या तडजोडीचा लेख. मराठीत राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली. 'सही' म्हणजे उर्दू-हिंदीत बरोबर, अचूक. मराठीत ती कागदाखालची स्वाक्षरी झाली, कारण सही म्हणजे मजकूर बरोबर असल्याची खूण. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'मुलाकात' म्हणजे भेट, तर मराठी 'मुलाखत' नोकरीसाठी द्यावी लागते. 'बाजू' फारसीत दंड, मराठीत कड. मात्र 'बाजूबंद' या दागिन्यात जुना अर्थ अजून टिकून आहे. आणि 'तारीख' म्हणजे उर्दूत इतिहाससुद्धा, मराठीत केवळ दिवस.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. शाळेत मिळणारे इनाम हे बक्षीस असते, ते सर्वस्वी आपले. पण महसुली कागदातील 'इनाम' म्हणजे सरकारने दिलेली जमीन, आणि ती पुष्कळदा सेवेच्या अटीवर असे. त्यातही 'खिदमतमाश' म्हणजे खिदमतीसाठी, अर्थात सेवेसाठी, लावून दिलेली उपजीविका. ती बक्षीस समजून विकण्याची वस्तू नव्हे. एका शब्दाचा अर्थ चुकला तर पुढच्या पिढीच्या वाट्याला कोर्टाच्या तारखा येतात. निजाम काळातील पुष्कळ दप्तर उर्दूत, तेही शिकस्ता वळणात आहे. शिकस्ता म्हणजे मोडलेले अक्षर. आपली मोडी लिपीही 'मोडणे'वरूनच नाव मिळालेली, असे मानले जाते. दोन लिप्या, पण नावाची कल्पना एकच!

देवघेव एकतर्फी मात्र झालेली नाही. दखनीतील 'नक्को' हा मराठीच्या 'नको'चा भाऊ आहे, आणि 'यहीच', 'वहीच' यातला जोर मराठीच्या 'च'ने दिलेला आहे. म्हणजे आपल्या घरातल्या बोलीत मराठी पूर्वीपासूनच नांदते आहे. या देवघेवीचा अभ्यास दोन्ही बाजूंनी झाला. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला. संतसाहित्याचे थोर अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० मध्ये पुणे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही नावे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावीत.

विद्यार्थी मित्रहो, एक साधी वही करा. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात घरातला अर्थ, तिसऱ्यात मराठीतला अर्थ लिहा. दादी-नानींना जुने शब्द विचारा. वाक्य कोणत्या भाषेचे आहे ते आधी पाहा, मग अर्थ लावा. पालकांनीही मुलांच्या घरच्या बोलीला नावे ठेवू नयेत, आणि मराठीला परकी मानू नये. ज्याला दोन्ही अर्थ कळतात, त्याला दोन्ही घरांची दारे उघडी असतात. आपल्या मुलांनी तालमीत शरीर कमवावे, तालीम घेऊन विद्या कमवावी आणि या दोन्हींसाठी प्रयत्नांची शिकस्त करावी, मराठी अर्थाने, हीच सदिच्छा!