आंदणातले गंगाळ आणि भिंतीतला नळ

घराच्या डागडुजीच्या निमित्ताने काही महिन्यांपूर्वी भंडाऱ्यातल्याच एका दुकानात न्हाणीघराचे सामान पाहायला गेले होते. काचेमागे उजेडात मांडलेले नळ, छतातून पाऊस पाडणारे फवारे, कडा नसलेली बेसिने, टॉवेल अडकवायच्या सोनेरी दांड्या. सगळ्यांत महागडा मिक्सर नळ विक्रेत्याने माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, वजन बघा. आत पूर्ण पितळ आहे."

हे वाक्य मी लहानपणी ऐकले होते. आईबरोबर भांड्यांच्या दुकानात गेले की दुकानदार असेच भांडे हातात देई आणि वजन पाहायला सांगे. भंडाऱ्यात पितळ वजनावर घेण्याची ही रीत जुनी आहे. वस्तू मात्र बदलली आहे, आणि त्या बदलाबरोबर आणखीही काही बदलले आहे. त्याचा थोडा विचार येथे करायचा आहे.

भंडारा आणि पितळ यांचे नाते गावाच्या नावापर्यंत नेले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटिअरकारांनी 'भंडारा' हे नाव 'भाणें' या शब्दाशी, म्हणजे धातूच्या ताटाशी जोडले. जुन्या मराठीच्या वाचकांना हा शब्द परका नाही. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला करभार देणाऱ्या प्रदेशांमध्ये 'भाणार' हे नाव येते. व्युत्पत्ती खरी असो वा लोकांनी मागाहून जुळवलेली असो, कासार-तांबटांच्या हातोड्याचा आवाज हीच या गावाची ओळख आहे असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले, एवढे तिच्यातून निश्चित दिसते.

न्हाणीची चैन हीदेखील काही शोरूमबरोबर आलेली गोष्ट नव्हे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये स्नानोपभोगाला स्वतंत्र स्थान आहे. पुढे 'लीळाचरित्रा'त मर्दना-मादणे हे शब्द वारंवार भेटतात. मादणे म्हणजे स्नान. याच ग्रंथातल्या नीळभट्ट भांडारेकारांचे नाते महानुभाव परंपरा आपल्या या भंडाऱ्याशी सांगते. स्नान ही अंगाची गरज, पण अंगाला तेल चोळणारे, पाणी तापवणारे आणि ओतणारे हात आपल्या सेवेला असणे ही प्रतिष्ठा. जुनी चैन वस्तूंत होती त्याहून अधिक दुसऱ्याच्या श्रमांत होती.

सामान्य खात्यापित्या घरात या चैनीची साधने मोजकी होती. कड्या असलेले रुंद तोंडाचे घंगाळ (आमच्याकडे अनेक घरांत 'गंगाळ'च म्हणत), पाणी भरायचे गुंड, तांब्या, बसायला पाट किंवा चौरंग आणि ऐपत असेल तर तांब्याचा बंब. बंबाच्या मधल्या नळीत निखारे किंवा काटक्या, भोवती पाणी आणि तळाशी पितळी तोटी. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'शी जोडला जातो. तिकडे त्याचा अर्थ पंप. 'आगीचा बंब' या शब्दप्रयोगात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. 'नळ' मात्र आपला. मूळ अर्थ वेळूची किंवा बोरूची पोकळ कांडी. 'न्हाणी' स्नानातूनच आली. मोरीतल्या शब्दांचीही अशी वंशावळ असते.

आता मुख्य मुद्दा. हे गंगाळ घरात येई कोठून? पुष्कळदा सुनेच्या आंदणातून. भांड्यावर नाव घातले जाई: कोणी दिले, कोणाला दिले, कधीकधी तिथी किंवा साल. अर्थात प्रत्येक वेळी नाव बाईचेच असे असे नाही; नवऱ्याचे किंवा सासऱ्याचेही असे. तरीही भांडे तिच्याबरोबर आलेले आहे, हे घरादाराला ठाऊक असे. ते उचलून नेता येई, गहाण ठेवता येई, लेकीला देता येई आणि अगदीच वेळ आली तर मोडीच्या भावाने विकता येई. शेत, घर, दुकान पुरुषांच्या नावे असलेल्या काळात पितळ ही बाईच्या हाताशी असलेली, वजनावर मोजता येणारी मालमत्ता होती. दागिने तिजोरीत जात, किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. गंगाळ मात्र न्हाणीत उघड्यावर असे.

१९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टील आणि त्यामागोमाग प्लॅस्टिकची बादली आली. पितळ मोडीत देऊन स्टील घेण्याची लाट घराघरांतून गेली. राख आणि चिंच लावून भांडी घासण्यातून बायकांची सुटका झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार भंडाऱ्यात त्या काळी अक्षरशः खरा झाला. मोड वितळली, तिच्यावरची नावेही वितळली, आणि कासारांच्या हातचे कामही कमी होत गेले.

पितळ नाहीसे झाले नाही. ते भिंतीत गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात क्रोमियमचा मुलामा देण्याची रीत व्यापारी प्रमाणावर रुळली, आणि पितळेचा पिवळा रंग मायक्रॉनच्या अंशाइतक्या पातळ थराखाली झाकला गेला. आज गुजरातेतील जामनगर पितळी सुट्या भागांसाठी आणि मोरबी फरशा व सॅनिटरी सामानासाठी प्रसिद्ध आहे. पितळेचे म्हणून ओळखले जाणारे आमचे गाव बाहेर घडलेले पितळ चकचकीत डब्यांतून विकत घेते. पूर्वी भांड्यावर देणाऱ्याचे नाव असे. आता कंपनीचे असते.

कायद्याच्या भाषेत हा फरक अधिक स्पष्ट होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भिंतीसारख्या जमिनीत रुजलेल्या बांधकामाला त्याच्या कायम उपभोगासाठी जोडलेली वस्तू 'जमिनीशी संलग्न' ठरते. याउलट सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन हे पत्नीचेच असते, सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे स्पष्ट केले. म्हणजे आंदणातले गंगाळ बाई परत मागू शकते. तिच्याच पैशांनी बसवलेला नळ मात्र घराचा होतो, आणि घर ज्याच्या नावावर त्याच्याकडे राहतो. गंगाळाकडून नळाकडे येताना चल मालमत्ता अचल झाली. सुखसोयींच्या इतिहासात ही नोंद सहसा होत नाही.

म्हणून काय पुन्हा गंगाळाकडे जायचे? मुळीच नाही. त्या गंगाळात पाणी भरणारी, बंब पेटवणारी, घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर उरल्यासुरल्या कोमट पाण्याने आपली आंघोळ उरकणारी बाईच होती. वस्तू तिची, चैन दुसऱ्याची. माझ्या आईने स्वतःच्या गंगाळात निवांत बसून स्नान केल्याचे मला आठवत नाही. आतून कडी लावता येणारे दार आणि उघडताच गरम पाणी देणारी तोटी यांनी तिला उतारवयात दिलेला अर्धा तास कोणत्याही आंदणाने दिला नव्हता. तेव्हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे: हातचे धन गेले, हाताला थोडी उसंत मिळाली. प्रश्न एवढाच की उसंत मिळवण्यासाठी धन सोडणे अटळ होते का? घराच्या कागदावर तिचे नाव असते, तर हा सौदा करावाच लागला नसता.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यातून एक काम निघते. आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी वाचतो. माळ्यावरच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे हाही मराठी लेखच आहे. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही अशी एखादी पणजी तेथे आपल्याला भेटण्याचा संभव आहे. आंदणाच्या याद्याही जुन्या पेट्यांतून सापडतात. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरची ही नावे, साले आणि गावे उतरवून घेतली तरी बरेच काही हाती लागेल. मात्र हे काम मोडवाल्याच्या आधी व्हायला हवे.

मिक्सर मी घेतला. बिल करताना विक्रेत्याने सवयीने विचारले, "साहेबांचे नाव घालू ना?" मी माझे नाव सांगितले. त्याने कायद्यात काही फरक पडत नाही, हे मला ठाऊक होते. त्या आठवड्यात मी तहसील कचेरीजवळच्या वकिलांकडे घराच्या कागदांची चौकशी करायला गेले.