बुटाआडचा सांधा

पुढची चाके इंजिनाने फिरणाऱ्या मोटारीखाली वाकून पाहिले, तर चाकामागे घड्यांचा रबरी बूट दिसतो. तो फाटला की आतले ग्रीस बाहेर फेकले जाते, धूळ-पाणी आत शिरते आणि काही दिवसांनी पूर्ण वळण घेताना ‘कट-कट’ आवाज येऊ लागतो. या बुटाआडच्या सांध्याला एक इतिहास आहे.

एकमेकांशी कोन करणाऱ्या दोन दांड्यांपैकी एकाची फिरती गती दुसऱ्याला कशी द्यायची? सतराव्या शतकात रॉबर्ट हुक यांनी यासाठी फुलीच्या सांध्याचे वर्णन केले. मात्र त्यात एक उणीव आहे. कोन ३० अंश असेल आणि पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरत असेल, तरी दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा ०.८७ पट ते १.१५ पट असा खालीवर होतो. अ‍ॅम्बॅसडरसारख्या मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत हे निभावले. तेथे कोन लहान असतो आणि एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. पुढच्या चाकाला मात्र गाडी ओढायची असते आणि वळायचेही असते. तेथे हिसके बसतात.

अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात यावर उपाय शोधला. वक्र खाचांत सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना धरणारा पिंजरा! गोळ्या नेहमी दोन दांड्यांमधील कोन दुभागणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून दोन्हींचा वेग सारखा राहतो. १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीत असे सांधे आले. भारतात १९८३ पासून मारुती ८०० मुळे पुढच्या चाकांच्या ओढीची गाडी घरोघरी माहीत झाली.

गोळी खाचेला अगदी लहान जागी टेकते, त्यामुळे तेथे दाब प्रचंड असतो. म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले ग्रीस वापरतात; त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. घरी हे काम करायचे तर गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी, सुटे करण्यापूर्वी भागांवर खुणा कराव्यात आणि जुने ग्रीस पूर्ण पुसावे. खाचांत खड्डे दिसले, तर नवे ग्रीस भरून उपयोग नाही. सांधाच बदलावा लागतो.

असा निकामी सांधा आपण गॅरेजमधून मागून आणावा, स्वच्छ करावा आणि वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. गोळ्या कोन कसा दुभागतात, हे त्यांना स्वतःच वाकवून पाहता येईल.